पायाखाली ओक

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला मात्र स्क्वेअर फुटाचा दर होता, आणि तो ऐकून आमचा वाढई तोंडातला खर्रा थुंकायला बाहेर गेला, तो बराच वेळ परत आला नाही.

तसा सागही चालला असता. पण भंडाऱ्यात सागाचं कौतुक कोण करणार? इथल्या प्रत्येक जुन्या घराची चौकट सागाची, आणि प्रत्येकाच्या आजोबांनी ती ‘तेव्हाच्या भावात’ घेतलेली. मला असं लाकूड हवं होतं की पाहुण्याने खाली बघावं, नाव विचारावं, न कळून पुन्हा विचारावं. ओक! युरोपातले जुने वाडे त्याच्यावर उभे, व्हिस्की त्याच्याच पिंपात मुरते. तो हॉलमध्ये आला की आपणही थोडेफार मुरू, अशी माझी अटकळ होती.

टिकाऊपणाचा मी पक्का अभ्यास केला. गाब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी १९०६ साली लाकडाची कठीणता मोजायची रीत काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायची आणि किती जोर लागला ते बघायचं. व्हाइट ओकला १३६० पाउंड, रेड ओकला १२९०, आपला साग हजार-अकराशेच्या घरात. हे आकडे मी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीलाही सांगितले. पण मला राहून राहून वाटतं, यांकासाहेबांनी गोळीवर भागवायला नको होतं. त्यांनी भंडाऱ्यात यायचं होतं. हे पितळेच्या भांड्यांचं गाव. भरलेला पितळी गुंड आईच्या कमरेवरून निसटून काठावर आदळला, तर किती पाउंड? दिवाळीच्या साफसफाईत ‘उचला, उचला’ म्हणत लोखंडी कपाट प्रत्यक्षात फरफटत नेणारे मेहुणे किती पाउंड? धानाचं पोतं खांद्यावरून टाकायची आमच्या काकांची एक खास तऱ्हा आहे. तिने शेजारच्यांच्या फळीवरच्या बरण्या हलतात. आणि नातू खलबत्त्याने बदाम फोडतो, तो बत्ता बदामावर कधीच पडत नाही. यापुढे ऑस्ट्रियाची गोळी म्हणजे लाडच.

वाढई परतला तो प्रश्न घेऊनच. “पान्याच्या दिवसात हे फुगंल ना जी?”

मी कॅटलॉग उघडला. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदावतं, म्हणून भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर फट ठेवतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. शिवाय आपण घेतोय ती इंजिनिअर्ड पट्टी. खाली प्लायचे उभे-आडवे थर एकमेकांना आवरून धरतात आणि वर तीन-चार मिलिमीटर अस्सल ओक.

“म्हंजे ओक पापडाएवढा, बाकी प्लायच,” तो म्हणाला. “अन् उधई?”

उधईचं पान त्या कॅटलॉगमध्ये नव्हतं.

खरी चीड वेगळीच आहे. नव्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिराची दारं चंद्रपूरच्या सागाची. २०२३ साली बल्लारपूरहून ते लाकूड मिरवणुकीने निघालं. अभिमान वाटतोच. पण याच जंगलांच्या अंगणात राहणाऱ्यांना आता नव्या घराला सागाची चौकट झेपत नाही. बांधकाम चाललेल्या कुठल्याही घरात डोकावा, दारं फ्लशची आणि चौकटी सिमेंटच्या. आजोबांच्या भावात आम्ही बोलतो आणि आमच्या भावात गप्प बसतो.

आईने सगळ्या चर्चेत एकदाच तोंड घातलं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. लाइन गेली की कूलर मुका होतो. मग ती हॉलच्या जुन्या फरशीवर ओला पोछा मारते, उशाला पाट घेते आणि तशीच आडवी होते. गुडघ्यांमुळे खाली बसायला तिला भिंत धरावी लागते, तरी पलंगावर जात नाही.

“त्याच्यावर निजता येते का रे?”

“येते ना. अजिबात गार लागत नाही,” मी कॅटलॉगमधलं वाक्य अभिमानाने म्हटलं, आणि तिच्याकडे बघून पुढचं गिळलं. लाकूड अंगातली उष्णता ओढून घेत नाही, म्हणून बर्फाच्या मुलखात त्याचं एवढं कौतुक. फरशी ती ओढून घेते, म्हणून तर आईचा उन्हाळा निघतो. तिला गारवाच हवा होता, आणि मी तो काढून टाकायचे पैसे मोजायला निघालो होतो.

शेवटी मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल आली. वर ओकच्या रेषा आणि गाठी हुबेहूब छापलेल्या. फुगत नाही, उधईला दाद देत नाही, दुपारी गार असते. फक्त येणारा प्रत्येक जण बोटाने चाचपून म्हणतो, “वा, सागाचं डिझाइन!”

मी त्यांना ओक समजावून सांगतो, यांकासाहेबांपासून. परवा आई स्वयंपाकघरातून ओरडली, “सागच म्हन ना रे बाप्पा, त्यायचा चहा थंडा होऊन राहिला!”