दोन गाण्यांच्या मधलं

वर्षातला आवडता अल्बम कोणता, असं विचारलं की मराठी माणूस गाण्याचं नाव सांगतो. यात त्याचा फारसा दोष नाही. वर्षअखेरीच्या याद्यांची सवय आपल्याला लावली ती अमीन सयानींनी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला वर्ष संपताना वर्षभराच्या गाण्यांचा हिशेब मांडायची आणि घराघरांत माणसं रेडिओला कान लावून पायदानं मोजायची. आता पायदानावर एका वेळी एकच गाणं उभं राहू शकतं. अल्बम म्हणजे अख्खं बिऱ्हाड. ते पायरीवर कसं मावणार?

तरीही आमच्या कंपूत दर डिसेंबरला अल्बमांची यादी करायची प्रथा आहे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरलेला असतो, दोन कलाकारांच्या मधे मंडपाबाहेर चहा चालू असतो आणि तिथंच प्रत्येकानं आपली पाच-पाच नावं वाचून दाखवायची असतात. ऐकणाऱ्यांचं काम एकच, त्यात खोट काढणं. नियमही एकच, पण जाचक आहे. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, मधे हात न लावता ऐकलेला हवा. फोडणी देताना ‘लागलेला होता’ हे ऐकण्यात धरलं जात नाही. गाडी चालवताना ऐकला असेल तर पोटसमिती नेमावी लागते. या नियमामुळे भलेभले दुसऱ्या नावापाशीच अडखळतात आणि मग, ‘अरे, यंदा ऑफिसमध्ये फार काम होतं,’ असं सांगू लागतात.

माझी स्वतःची कसोटी याहून थोडी कडक आहे. एक गाणं संपतं, पुढचं सुरू व्हायला दोन-तीन सेकंदांचा अवकाश असतो. त्या अवकाशात पुढच्या गाण्याचा पहिला सूर मनात आपोआप वाजला, तर तो अल्बम आपला झाला. नाही वाजला, तर अजून नुसती ओळख आहे. जाणं-येणं सुरू झालेलं नाही.

ही कसोटी मला कॅसेटनं दिली. कॅसेटवर नावडतं गाणं ओलांडायचं तर बटण दाबून धरायचं, अंदाजानं सोडायचं, पुढं गेलं म्हणून मागं यायचं, आणि टेप अडकली की घरच्यांची बोलणी खायची. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ते गाणं ऐकून घेतलेलं परवडायचं. त्यामुळे नावडत्या गाण्यांचीही सवय व्हायची आणि पुढंमागं त्यांतलंच एखादं सर्वांत आवडतं ठरायचं. आमची निम्मी रसिकता ही अशी आळसातून घडलेली आहे. ‘गारवा’ आठवा. सौमित्रची कविता संपते आणि मिलिंद इंगळेंचं गाणं सुरू होतं. त्या पिढीतल्या कुणालाही कविता ऐकवा, तिच्या शेवटच्या शब्दाआधीच त्याचं डोकं डोलायला लागतं. लताबाई आणि हृदयनाथ मंगेशकरांचा १९७४चा ‘शिवकल्याण राजा’ ज्यांच्या घरी होता, त्यांना गाण्यांइतकंच बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदनही पाठ असतं. निवेदन गाळून गाणं लावलं, तर या मंडळींना ते गाणं उघड्या डोक्यानं देवळात आल्यासारखं वाटतं.

तबकडीच्या काळात तर हा क्रम विचारपूर्वक रचलेला असे. आमच्या यादीत जवळपास दरवर्षी घुसणारा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. १९६७ची एचएमव्हीची ही एलपी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. ती घडवण्यात जी. एन. जोशींचा वाटा मोठा. म्हणजे एकेकाळी आपल्याला भावगीतं ऐकवणारे आणि पुढं एचएमव्हीत रेकॉर्डिंगच्या टेबलामागं बसलेले तेच. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना. सकाळ अहिर भैरवानं होते, मग नटभैरव, पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्यात पहाटेपासून चढत जायचं, मग उठून तबकडी उलटायची आणि संध्याकाळकडे उतरायचं.

आता हीच तबकडी मोबाइलवर लावावी, तर ॲप आपल्या मर्जीनं पत्ते पिसतं. मेंढपाळ रात्री झोपतो, लगेच दुपारी उठतो आणि शेवटी पहाटेची मेंढरं हाकायला निघतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची गत याहून वाईट. पिसलेल्या पत्त्यांत पहिलीच भैरवी निघाली, की मी उठून चपला शोधायला लागतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण आहे, भैरवीनंतर घरीच जायचं असतं.

त्याच ॲपनं मागं वर्षअखेरीला मला माझ्या आवडीचा हिशेब पाठवला. रंगीबेरंगी पाट्या, फटाके, अभिनंदन. त्यानुसार वर्षभर मी सर्वांत जास्त ऐकलेला कलाकार होता तानपुरा, काळी चार. बायकोचा रियाज माझ्या खात्यावर चालतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मित्रांना मात्र हा हिशेब फार आवडला. ‘इतकी वर्षं याद्या ऐकतोय तुझ्या, ही पहिली सुरात आलेली,’ असं एकजण म्हणाला.

नमुन्यादाखल माझी २०२३ची यादी सांगतो. त्यात ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ होता. झाकीर हुसेन, जॉन मॅक्लॉफ्लिन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश. या वाद्यवृंदाचा स्टुडिओत केलेला आधीचा अल्बम १९७७चा. मधे तब्बल ४६ वर्षं. एवढी वाट पाहिल्यावर दोन गाण्यांमधल्या दोन सेकंदांचं काय घेऊन बसलात? दुसरा, ‘ॲज वी स्पीक’. झाकीरभाईंचा तबला, बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी. म्हणजे १९६७च्या तबकडीत काकांची बासरी आणि २०२३च्या यादीत पुतण्याची. यादीतली घराणेशाही आम्हाला चालते. तिसरा, आरूज आफताब, विजय अय्यर आणि शहजाद इस्माइली यांचा ‘लव्ह इन एक्झाइल’. इतकं संथ संगीत, की माझी कसोटीच कोलमडली. गाणं कुठं संपलं आणि शांतता कुठं सुरू झाली, तेच कळेना. स्वयंपाकघरातून दोनदा विचारणा झाली, ‘लागलंय की बंद पडलंय?’

पुढं ४ फेब्रुवारी २०२४ला लॉस एंजेलिसमध्ये एकाच रात्री झाकीर हुसेन यांना तीन ग्रॅमी मिळाली. एक ‘शक्ती’च्या अल्बमसाठी, दोन ‘ॲज वी स्पीक’मुळे. ती ग्रॅमी आपल्या यादीमुळेच मिळाल्याच्या थाटात मी आठवडाभर वावरलो. पण खरं सांगायचं, तर त्या डिसेंबरात यांतला एकही अल्बम माझ्या कसोटीला पूर्ण उतरला नव्हता. उतरणार कसा? जूनअखेरीस आलेला अल्बम सहा महिन्यांत अंगवळणी पडत नाही. कसोटीला सहज उतरली ती यादीतली उरलेली दोन नावं, म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणि ‘शिवकल्याण राजा’. त्यावर मंडपाबाहेर ताबडतोब हरकत आली, ‘ही यंदाची यादी आहे की पितृपंधरवड्याची?’

१५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले. महोत्सव तोंडावर आलेला होता. त्या दिवसांत ‘धिस मोमेंट’ घरात पुन्हा पुन्हा वाजला, सबंध, क्रमानं. पहिली रचना मँडोलिनवाल्या यू. श्रीनिवास यांच्या आठवणीतली. ती संपली आणि पुढचीचा ठेका आधीच मनात सुरू झालेला मला ऐकू आला. त्या वर्षी मी तो आदल्या वर्षीचा अल्बम यंदाचा म्हणून वाचला आणि खोट काढण्यात पटाईत असलेल्या आमच्या कंपूतून कुणीही हरकत घेतली नाही.

तेव्हापासून मी अल्बमवर छापलेलं साल बघणं सोडलं आहे. ते साल कंपनीचं. ऐकणाऱ्याचं साल वेगळं असतं. ज्या वर्षी अल्बम पाठ होतो, ते त्याचं. वर्षात निघालेल्या उत्तम अल्बमांची यादी समीक्षकांनी खुशाल करावी, त्यांना त्याचे पैसे मिळतात. आपण आपल्यापुरती करावी ती वर्षात आपलेसे झालेल्यांची. तुम्हीही या डिसेंबरात करून पाहा. ॲपमधलं ते पत्ते पिसायचं बटण आधी बंद करा, फोन हाताला लागणार नाही असा ठेवा आणि एक अख्खा अल्बम बसून ऐका. पाच नावं जमली नाहीत तरी बिघडत नाही. एक निघालं, तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं.