पेट्रोल वाचवायचं असेल तर चारशेनं चला

आमच्या बाबांनी स्कूटर कधी चाळीसच्या पुढे नेली नाही. पंपावर मीटर शून्यावर आहे ना ते वाकून बघायचं, उतार लागला की इंजिन बंद करायचं, आणि किती लिटर भरलं, किती किलोमीटर झाले याची नोंद डिकीतल्या छोट्या डायरीत करायची. अशा माणसाच्या घरात मे महिन्याच्या सुट्टीत ‘रोड फायटर’ आला. मामाची कृपा.

हा खरं तर जपानच्या कोनामीचा 1984 सालचा गेम. आधी नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, मग 1985 मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर. आमच्याकडे पोचायला त्याला दहाएक वर्षं लागली, तीही फॅमिकॉमच्या नकलेवर बसून. कॅसेटवर छापलं होतं ‘9999 इन 1’. निघाले मोजून सात. बाकीचे 9992 म्हणजे तेच सात, नावं बदलून. मामानं आकडा बघूनच घेतली होती, त्यामुळे त्याच्यासमोर हा विषय कोणी काढायचा नाही. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकायची, शर्टाला पुसायची, पुन्हा फुंकायची. फुंकायचा मान दादाचा.

गाडी आपली लाल. एक बटण दाबलं की दोनशेच्या आसपास, दुसरं दाबलं की थेट 400. दादा डावीकडे वळला की गाडीबरोबर स्वतःही वळायचा, आणि त्याचं कोपर माझ्या बरगडीत. दुसऱ्या गाडीला घासलं की आपली गाडी घसरत सुटते. रस्त्याच्या कडेला लागली की फुटते. पण मारिओसारखे तीन जीव वगैरे नाहीत. इथे जीव म्हणजे पेट्रोल. कडेला 100 चा आकडा दिसतो, तो उतरत जातो. शून्य झाला की खेळ खलास.

‘पेट्रोल’ हा शब्द ऐकून बाबा पेपर ठेवून आले.

“आण इकडे. तुम्हाला गाडी चालवता येत नाही.”

त्यांनी बटण हलकेच टिचकी मारत दाबलं. गाडी बैलगाडीसारखी निघाली. “आता बघ ॲव्हरेज.” आकडा नव्वद, ऐंशी, सत्तर.

“टाकी गळतेय.”

“बाबा, पेट्रोल अंतरावर नाही, वेळेवर जातं. हळू गेलात तर जास्त जातं.”

“म्हणजे चारशेनं गेलं की वाचतं?”

“हो. आणि ती रंगीबेरंगी गाडी येतेय ना, तिला धडकायचं. पेट्रोल मिळतं.”

बाबा बराच वेळ गप्प होते. गाडी चालूच होती. “हा गेम काढणाऱ्यानं,” ते शेवटी म्हणाले, “स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरलेलं नाही.” मग त्यांनी हॉर्नचं बटण कुठलं ते विचारलं. नाही म्हटल्यावर ओव्हरटेक करायचंच बंद केलं. रंगीबेरंगी गाडीला त्यांनी अदबीनं बाजू दिली.

आकडा पाचवर आला. चार. तीन. आणि बाबांनी, आम्ही काही म्हणायच्या आत, टीव्हीसमोरचं ते डबडं दोन्ही हातांनी उचललं आणि डाव्या अंगावर आडवं केलं. ॲडॅप्टरची पिन निघाली, पडद्यावर मुंग्या आल्या.

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला.

“तळाशी थोडं असतं रे नेहमी,” बाबा म्हणाले.