जिन्याखालचा कॅन

नांदेडच्या विष्णुपुरीत लाइट जाते, याबद्दल माझी तक्रार नाही. वळवाचं वारं सुटलं की तारा एकमेकींना लागतात, डीपीवरचा फ्यूज उडतो आणि लाइनमन येईपर्यंत अंधारात बसावं लागतं. तेवढ्या वेळात कुणी जनरेटर लावला तर त्याला नाव कशाला ठेवायचं? इथं पोरं रात्रभर अभ्यास करतात, मेसचा स्वयंपाक असतो, घरोघरी म्हातारी माणसं आहेत. माझी तक्रार आहे ती त्या जनरेटरसाठी आणून ठेवलेल्या पेट्रोलबद्दल. एकेक गोष्ट बारकी आहे. बारकी आहे म्हणूनच कुणी बोलत नाही, आणि माझा राग त्याच्यावरच आहे.

पहिली तक्रार बाटलीची. पाण्याच्या, नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल भरायचं, तिचं लेबलसुद्धा काढायचं नाही आणि ती खिडकीत ठेवून द्यायची. उन्हातून खेळून आलेलं पोर झाकण काढून बाटली थेट तोंडाला लावतं. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात गेलं तर जास्त घात करतं. म्हणून अशा पोराला उलटी करवायची नसते, मीठपाणी पाजायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. हे सांगायला गेलं की ऐकू येतं, “आमच्या लेकरांना माहीत आहे, सर.” शेजारच्या लेकरांना माहीत नसतं.

दुसरी तक्रार कॅनची. निळा प्लास्टिकचा कॅन, झाकण केव्हाच हरवलेलं, तोंडात चिंधीचा बोळा. बोळ्यातून पेट्रोलची वाफ सुटतच राहते. ती हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, फरशीवरून सरपटत उंबरा ओलांडते आणि देवघरातल्या निरांजनापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत जाते. आग कॅनपासून दहा पावलांवर लागते आणि उलटी कॅनपर्यंत येते. बोळा लावणाऱ्याला वाटतं, आपण झाकण लावलं.

तिसरी तक्रार जागेची, आणि ही मला सगळ्यांत जास्त टोचते. पोरांना खोल्या भाड्यानं दिलेल्या इमारती डोळ्यांसमोर आणा. जिन्याखाली लाइटच्या मीटरचा बोर्ड, त्याच्या वायरी उघड्या. बोर्डाखाली दोन मोटारसायकली, चपलांचा ढीग आणि भिंतीला टेकून पेट्रोलचा कॅन. वर तीन मजले, खोल्याखोल्यांत पोरं, आणि खाली उतरायला जिना तो एकच. घरमालक काकांना म्हटलं, हा कॅन इथून हलवा. ते म्हणाले, “काही होत नाही हो, कितीक वर्षांपासून तिथंच ठेवतो.” आजवर काही झालं नाही, हे खरं. पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी वरच्या पोरांनी कुठून उतरायचं, याचं उत्तर काकांकडे नव्हतं.

चौथी तक्रार चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतणाऱ्यांची. सायलेन्सर तापून लाल, एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात कॅन, नरसाळ्याचा पत्ता नाही. इंजिन बंद करून गार होऊ द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पंख्यावाचून काढता येतो. पाऊस लागतो म्हणून जनरेटर व्हरांड्यात घेणारेही आहेत. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

पाचवी तक्रार डिझेलवाल्यांची. “डिझेल कुठं पेटतं?” हे वाक्य मी शेतकऱ्याकडूनही ऐकलं आणि शिकल्यासवरल्या माणसाकडूनही. आपल्या मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे तेवढ्या तापमानालाच त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते. नांदेडचा मे महिना ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. पेट्रोलला तर उन्हाळा लागतच नाही, त्याची वाफ बर्फाच्या थंडीतही पेटते.

हे माझ्या मनाचे नियम नाहीत. १९३४ चा पेट्रोलियम कायदा सांगतो की विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरचं. या यादीत प्लास्टिक नाही. बसवलेल्या इंजिनाच्या मालकाला १०० लिटरपर्यंत सवलत आहे, पण ३० लिटरच्या वर गेलं की साठा राहत्या खोल्यांशी न जोडलेल्या वेगळ्या जागेत हवा. जिन्याखालची जागा त्यात कुठंच बसत नाही. हा कायदा राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

करायचं ते अवघड नाही. पत्र्याचा मजबूत डबा घ्यावा, झाकणाला रबरी वायसर असावा. डबा गळ्यापर्यंत भरू नये, वाफेला जागा ठेवावी. भरताना तो गाडीवर नाही, जमिनीवर ठेवावा. वर रंगानं ठळक ‘पेट्रोल’ लिहावं. घराबाहेर, सावलीत, कुलपात ठेवावा. शेजारी वाळूची बादली असावी, कारण पाणी मारलं तर पेट्रोल वर तरंगून आग पसरवतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. म्हणून पावसाळाभर साठा करून ठेवू नये, थोडं आणावं, उरलं तर गाडीत घालून संपवावं.

या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथं ज्वलनांक शिकवतात. वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं भाजलेल्यांवर उपचार होतात. या दोन्हींच्या मधल्या गल्लीत पेट्रोल पाण्याच्या बाटलीत राहतं, हे मला सहन होत नाही. पोराला खोली बघायला आलेल्या आईबापांनी नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारावंच, पण जिन्याखाली वाकूनही बघावं. कॅन दिसला तर तो हलवल्याशिवाय अनामत देऊ नये. घरमालक माझं ऐकत नाहीत, भाडेकरूचं ऐकतील. मी सांगत राहणारच. त्यात वाईटपणा आला तर तो घ्यायची माझी तयारी आहे.