गो, नो-गो आणि दाल पकवान

रविवारी सकाळी साडेसातला पिंपरीच्या मेट्रो स्टेशनखाली बारा माणसं ओळीत उभी करून हजेरी घेणारे गृहस्थ दिसले, तर ते मास्तर नव्हेत की लाफ्टर क्लबचे सेक्रेटरीही नव्हेत. शर्टाच्या खिशात तीन रंगांची तीन पेनं, हातात पॅड, पायात कंपनीनं दिलेले आणि रिटायर झाल्यावरही न झिजलेले सेफ्टी शूज. हे आमचे काका. नाव सांगायची गरज नाही, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये असे काका दर सोसायटीत एक तरी असतात. 'मी कंपनीत होतो' एवढी ओळख त्यांना पुरते. कोणत्या, हे विचारायचं नसतं. इथे देव अनेक असतात, कंपनी एकच असते.

रिटायर झाल्यावर या जमातीच्या तीन शाखा होतात. एक सोसायटीच्या कमिटीत जाते, दुसरी भजनी मंडळात, आणि तिसरी सकाळी वॉचमनचं रजिस्टर तपासते. काकांनी चौथी काढली. ते लोकांना पायी हिंडवतात आणि गावात कुठं काय खावं ते दाखवतात. फी दोनशे रुपये, खाण्याचे पैसे ज्याचे त्याचे.

काका क्वालिटीत होते. बाकीच्यांनी गाड्या बनवल्या, काकांनी अडतीस वर्षं त्या अडवल्या.

"टूर आठ तासांची," हजेरी झाल्यावर काकांनी जाहीर केलं. "जेवणाची सुट्टी धरून साडेआठ."

आमच्यात कोथरूडहून आलेले एक गृहस्थ होते. नदी ओलांडून खायला येणं हाच त्यांच्या मते मोठा उपकार होता. ते म्हणाले, "खाण्याच्या टूरमध्ये जेवणाची सुट्टी कशाला?"

"आमच्या वेळचा कायदा. पाच तासांच्या वर सलग काम घेता यायचं नाही. अर्धा तास विश्रांती. फॅक्टरी अ‍ॅक्ट, १९४८."

मग प्रत्येकाला एक छापील कागद मिळाला. ऑपरेशन १०: पिंपरी कॅम्प. ऑपरेशन २०: चिंचवडगाव. ऑपरेशन ३०: चाकण. मधले आकडे कुठं गेले, असं एका मुलीनं विचारलं. काका खूश झाले. कारखान्यात प्रोसेस शीट अशीच लिहितात, दहा-दहाची उडी मारून. मध्ये एखादं काम वाढलं तर सगळे नंबर खोडावे लागत नाहीत. त्यानुसार आम्ही पुलाखाली लगेच ऑपरेशन ५ केलं. म्हणजे चहा.

रेल्वेच्या पुलावरून पलीकडे कॅम्पात जाणं हे खरं तर वॉकिंग टूरमधलं सर्वांत धाडसी काम. या शहरानं चालणाऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी केलेला आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आठ-आठ पदरांत गाड्या धावतात, आणि काका एक हात वर करून त्या अशा थांबवतात, जणू पलीकडून येणारा ट्रक इन्स्पेक्शनसाठीच आलाय. गंमत म्हणजे ट्रक थांबतात.

शगुन चौकाजवळच्या एका गाडीपाशी दाल पकवान आलं. तळहाताएवढा मैद्याचा कडक पकवान, वाटीत चण्याची डाळ, वर चिंचेची आणि हिरवी चटणी, बारीक कांदा. आम्ही हात घालणार तोच काका म्हणाले, "थांबा." त्यांनी पकवान उचलला आणि अंगठ्यानं कडेला दाबला. टक्‌कन आवाज झाला. "गो," काका म्हणाले. दुसरा दाबला. तो किंचित वाकला आणि मग तुटला. "नो-गो." गाडीवाल्यानं मुकाट्यानं दुसरा दिला. त्याच्या चेहऱ्यावरून हे दर रविवारी होत असावं.

"फाळणीनंतर सिंधमधून निघालेली माणसं इथं बराकीत राहिली," काका डाळ ओतत सांगू लागले. "छावणी गेली, नाव कॅम्पच राहिलं. कंपन्या नंतर आल्या. १९५४ ला आपलं एचए, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. म्हणजे या गावात पहिला मोठा सरकारी कारखाना आला तो बुरशीपासून औषध काढणारा. म्हणून इथं शिळ्या पावाला कुणी नावं ठेवत नाही."

कोथरूडकरांनी पकवान संपवला, बोटं पुसली आणि शंका काढली, "पण हे सिंध्यांचं. पिंपरीचं स्वतःचं असं काय?"

"काहीच नाही," काका शांतपणे म्हणाले. "सगळे पार्ट बाहेरचे. असेंब्ली आमची."

चिंचवडगावाकडे जाताना ऑपरेशन १२ (पुन्हा चहा) आणि ऑपरेशन १५ (वडापाव, 'निव्वळ तुलनेसाठी') घडलं. चापेकर चौकात काकांनी आम्हाला पुतळ्यांपुढे उभं करून १८९७ सालचा रँडचा वध थोडक्यात सांगितला, मोरया गोसावींच्या समाधीच्या दिशेनं हात जोडले आणि वळले ते थेट मिसळीकडे. इतिहास आणि देव यांना काका वेळेचं बंधन घालतात, मिसळीला घालत नाहीत.

मिसळवाल्याकडे मात्र भाषेनंच घोळ घातला. आपल्याकडे मिसळीवर वाढायच्या रश्श्याला 'सॅम्पल' म्हणतात, आणि ज्या माणसाचं आयुष्य सॅम्पल तपासण्यात गेलं त्याच्या कानावर हा शब्द पडला की त्याच्यातला इन्स्पेक्टर जागा होतो. पहिली वाटी आली. काकांनी ती उजेडाकडे धरली, तिरकी केली, तर्री कडेला किती वेळ चिकटते ते पाहिलं, एक घोट घेतला.

"ठीक. आणखी एक सॅम्पल."

दुसरी आली. तिसरी आली. चौथीला वाढपी तिथंच उभा राहिला.

"काका, मिसळ तर खा!"

"बाळा, एका सॅम्पलवर लॉट पास करत नाहीत."

पाचव्या वाटीनंतर त्यांनी हिरव्या पेनानं खूण केली. मालक गल्ल्यावरून ओरडला, "काका, आमची मिसळ पास, पण आमचा रस्सा संपला!" काकांनी तोंड पुसत त्याला सांगितलं की याला डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतात.

चाकणपर्यंत चालायचं म्हटल्यावर बाराजणांनी बारा कारणं दिली, म्हणून तेवढं बसनं. खिडकीतून भोसरी दिसू लागली आणि काकांच्या जिभेला धार आली. मेन्यूकार्ड म्हणजे मस्टर, असं त्यांचं शास्त्र आहे. कोणत्या साली कुठून माणसं भरती झाली, ते भिंतीवरच्या पदार्थांच्या यादीवरून सांगता येतं. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. टर्नर-फिटरांत दक्षिणेकडचे होते, तेव्हा इडली-डोसा आला. खानदेशातली पोरं आली, तेव्हा शेवभाजी आणि वांग्याचं भरीत आलं. मराठवाड्यातून रीघ लागली, तेव्हा 'भाकरी गरम मिळेल' अशा पाट्या लागल्या. "पुण्यात पदार्थ घराण्यातून येतो," कोथरूडकरांकडे न बघता काका म्हणाले, "इथं तो कंपनीच्या बसमधून येतो."

चाकणला उतरलो तेव्हा कांद्याचा वास आणि कंटेनरचा हॉर्न एकदमच अंगावर आले. हे गाव आधी कांद्याच्या बाजाराचं. मग बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज असे शेजारी मिळाले. आता इथं एका रस्त्यावर मटण-भाकरी, पुढे लिट्टी-चोखा, आणि त्याच्या पुढे कोरियन अक्षरांची पाटी अशी रांग लागते. पाटी वाचता येत नाही म्हणून काकांनी ती 'पेंडिंग' ठेवली आहे.

इथं आम्ही मासवडी खाल्ली. जुन्नर-खेडकडची ही खासियत. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, वळकटी करून वड्या पाडलेल्या, सोबत झणझणीत रस्सा. मासा नावापुरता, आकारात. शेजारच्या टेबलावरचे दोन बंगाली इंजिनीअर बराच वेळ ताटात काहीतरी शोधत होते. "काटे नाहीत, बिनधास्त खा," काकांनी त्यांना हिंदीत धीर दिला.

बरोबर साडेबाराला काकांनी शिट्टी वाजवली. जेवणाची सुट्टी! संग्रामदुर्गाच्या उरलेल्या तटाजवळ सावली शोधून ते बसले आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. दोन पोळ्या, दोडक्याची भाजी, लोणच्याची फोड. आम्ही बघत राहिलो.

"काका, सकाळपासून एवढं चाललंय, आणि तुम्ही दोडका?"

"तपासलेल्या मालावर इन्स्पेक्टरनं पोट भरायचं नसतं." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "१६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाइस्तेखानाच्या फौजेपुढे हा एवढासा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस लढवला. बखरीत सगळं असतं हो, पण आत स्वयंपाक कोण करत होतं ते नसतं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "अडीचशेच्या वर कामगार असले तर कॅन्टीन लागायचं. कायद्यात होतं. आमच्या कॅन्टीनच्या डाळीविरुद्ध मी किती तक्रारी लिहिल्या! रिटायर झाल्यावर पहिल्या सोमवारी मात्र बरोबर बाराला तिचीच आठवण आली." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पाच मिनिटं शिल्लक होती, ती त्यांनी डोळे मिटून वापरली.

टूरचा शेवटचा थांबा तळेगाव चौकाजवळची टपरी. तीन वाजून गेले होते, दुसऱ्या शिफ्टच्या बसेस भरून निघून गेल्या होत्या. आम्ही क्रीमरोल बुडवत पाय मोकळे करत होतो, तेवढ्यात एक पोरगा आला. पाठीवर सॅक, हातात गोणपाटासारखी पिशवी, तोंडावर रात्रभराचा एसटीचा प्रवास. टपरीवाल्याला विचारत होता, "दादा, इथं मेस कुठं हाय?"

टपरीवाल्यानं तोंड उघडायच्या आत काका उठले.

"कुठला रे?"

"परभणीकडचा. आयटीआय झालंय. उद्या जॉइन व्हायचंय. रूम म्हाळुंग्याला."

"शिफ्ट?"

"फिरती म्हणले."

"मग ऐक. मेसचे पैसे महिन्याचे एकदम देऊ नको. आठवडा जेव, मग ठरव. नाईटला डबा झाकून ठेवतात का, ते आधी विचार. रविवारी संध्याकाळी बंद असते, तेव्हा शनिवारीच बघून ठेव. गावी गेलास तर खाडा आदल्या दिवशी सांग आणि वहीत मांडून घे, तोंडी ठेवू नको. डाळ पातळ असेल तर चालेल. पोळी कच्ची असेल तर दुसरी मेस बघ. समजलं?"

पोरानं मान हलवली. त्याला बहुतेक 'खाडा' तेवढं समजलं असावं. काकांनी त्याची पिशवी उचलली. "चल, दाखवतो," म्हणाले, आणि कंटेनरच्या रांगेसमोर एक हात वर करून पलीकडच्या गल्लीत शिरले.

आम्ही पाऊण तास टपरीवर बसलो. कोथरूडकरांनी घड्याळ सात वेळा पाहिलं. काका परत आले ते शर्ट भिजलेला, खांद्यावर पिशवीचा वळ. कुणाशी काही न बोलता त्यांनी पॅड काढलं आणि लाल पेनानं शीटवर खाली लिहिलं : ऑपरेशन ३५.

"हे छापील कागदावर नव्हतं," कोथरूडकर म्हणाले.

"नसतंच," काका पेनाचं टोपण लावत म्हणाले. "म्हणून तर मध्ये जागा सोडतात."