प्रथम वर्ष, पालक शाखा

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला प्रत्येक घरातून दोन जण प्रवेश घेतात. एक सीईटी देऊन, कॅपच्या फेऱ्यांमध्ये गटांगळ्या खाऊन, रीतसर गुणवत्ता यादीतून. दुसरा कुठलीही परीक्षा न देता थेट. हा दुसरा म्हणजे बाप. सीट पोरीला लागते, पण अभ्यासाला बाप लागतो.

आमच्या सोलापुरात हा इसम साधारण ऑगस्टमध्ये दिसू लागतो. एरवी तो एखाद्या बँकेत नाहीतर झेडपीत इमानेइतबारे नोकरी करणारा, घरातला गेलेला बल्ब बदलायलाही रविवारची वाट बघणारा गृहस्थ असतो. पण लेकीला पुण्यात कॉम्प्युटरला सीट लागली आणि हॉस्टेलच्या यादीत नाव झळकलं, की त्याच्या अंगात येतं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मोजायची टेप येते. भाजी आणायला गेला तरी कोथिंबिरीच्या जुडीबरोबर डझनभर कपड्यांचे चिमटे घेऊन येतो. रस्त्यात कुणी "काय, कसं काय?" विचारलं, की म्हणतो, "गादी बाकी आहे अजून."

त्याची खरी ओळख म्हणजे त्याची यादी. ती एखाद्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर जन्माला येते आणि आठवडाभरात एक्सेलमध्ये स्थायिक होते. रकाने तीन: अत्यावश्यक, आवश्यक आणि असलेलं बरं. पहिल्यात गादी, उशी, बादली, मग, कुलूप अशा शहाण्यासुरत्या वस्तू असतात. दुसऱ्यात टॉर्च, छत्री, सुईदोरा, ओडोमॉस. खरी प्रतिभा दिसते ती तिसऱ्यात. हा रकाना रात्री वाढतो. गृहस्थ दोन वाजता पाणी प्यायला उठतो आणि मोबाइलच्या उजेडात टाइप करतो: शिट्टी. सकाळी बायको विचारते, "अहो, शिट्टी कशाला?" तो चहाचा कप खाली न ठेवता सांगतो, "असलेली बरी."

यादी नीट वाचली, की प्रत्येक वस्तूमागे दबा धरून बसलेलं संकट दिसतं. टॉर्चमागे अख्ख्या पुण्याची गेलेली वीज. ओआरएसच्या पुड्यांमागे मेसचं पनीर. डांबराच्या गोळ्यांमागे झुरळं. नायलॉनची दोरी कपडे वाळत घालायला, असं तो सांगतो. पण वीस मीटर कशाला, असं खोदून विचारलं की "खोली तिसऱ्या मजल्यावर आहे," असं काहीतरी पुटपुटतो.

लेकीचीही स्वतःची यादी असते. ती इन्स्टाग्रामवरून आलेली. भिंतीवर सोडायच्या फेअरी लाइट्स, फोटो लटकवायच्या इवल्या क्लिपा, फिक्या जांभळ्या रंगाचा ऑर्गनायझर आणि पाणी घातलं नाही तरी न मरणारं एक झाड. खोली एस्थेटिक दिसली पाहिजे, एवढीच तिची अट. बाप या यादीसाठी खास चौथा रकाना उघडतो: नंतर बघू.

घरात आजोबा असतील तर चर्चेला इतिहासाचं अधिष्ठान मिळतं. आजोबा पेपर खाली ठेवतात. "शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. तिथल्या एका तरी पोरानं फेअरी लाइट मागितल्याचं वाचलंय का कुठं?" नात म्हणते, "आजोबा, तेव्हा साधी लाइट तरी होती का?" आजोबा डगमगत नाहीत. ते कोल्हापूर सोडतात आणि साताऱ्याला जातात. तिथे 1924 साली भाऊराव पाटलांनी बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि कोठी रिकामी झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. इथे घरातले सगळे गप्प होतात, कारण ते खरं आहे. मग बाप हळूच घसा खाकरून विचारतो, "त्या बोर्डिंगात बादल्या संस्थेच्या होत्या, का घरून न्यायच्या हो?"

बादली हा त्याच्या प्रबंधाचा विषय. वीस लिटरची घेतली तर भरल्यावर पोरीला उचलायची नाही, दहाची घेतली तर केस धुवायच्या दिवशी पुरायची नाही. नव्या पेठेतल्या दुकानात तो सगळ्या बादल्या उतरवून घेतो, कडीला हिसका देऊन बघतो, तळाला टिचक्या मारतो. दुकानात पाणी नसतं, म्हणून शेजारच्या किराणावाल्याकडून पाच-पाच किलोची वजनं मागून आणतो, बादलीत ठेवतो आणि लेकीला सांगतो, "उचल." लेक चारचौघांत बादली उचलते. "आता दहा पावलं चाल." लेक इकडेतिकडे बघते, ओळखीचं कुणी नाही अशी खात्री करून घेते आणि चालते. सोळा लिटरवर एकमत होतं. घरी आल्यावर तो बादलीच्या बुडाला मार्करने लेकीचं नाव, शाखा आणि स्वतःचा मोबाइल नंबर लिहितो.

गादीची गोष्ट वेगळी. कॉटचं माप विचारायला तो हॉस्टेलच्या ऑफिसात फोन लावतो. तिकडून क्लार्क सांगतो, "सहा बाय तीन असेल." एवढ्या मोघम उत्तरावर माणूस गादी कशी शिवून घेणार? तो परत फोन करतो. तिसऱ्या फोनला क्लार्क त्याला आवाजावरून ओळखतो आणि म्हणतो, "काका, सहा बाय तीनच." मग पिंजाऱ्याच्या समोर खुर्ची टाकून तो कापूस पिंजून घेतो. फोम नको, फोमने पाठ जाते. कापसाची गादी गुंडाळता येत नाही, गाडीत मावत नाही, तिसऱ्या मजल्यावर चढवताना दोन माणसं लागतात. पण पाठ जात नाही.

आणि चादर? सोलापूरच्या बापाने लेकीला चादर देणं म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न. चाटी गल्लीत तो दुकानदाराला समजावून सांगतो, की आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे. दुकानदाराच्या घरात तीन पिढ्या माग चाललेले असतात. तो नुसती मान हलवतो. लेकीला मात्र कम्फर्टर हवा असतो.

"बाबा, ही चादर टोचते."

"टोचते म्हणून तर ऊब येते."

दोन चादरी लेकीला, एकेक रूममेटना आणि एक रेक्टरबाईंना, असा हिशोब होतो. पुण्यात थंडी असते, यावर सोलापूरकराची श्रद्धा अढळ आहे.

याच सुमारास हॉस्टेलची नियमावली हाती पडते. किटली, इस्त्री, हीटर, इंडक्शन, सगळ्याला बंदी. बापाला ही बंदी मनापासून पटते, कारण त्याने गणित केलेलं असतं. दीड हजार वॉटची किटली 230 व्होल्टवर साडेसहा अँपियर ओढते आणि कॉटशेजारचं सॉकेट असतं सहा अँपियरचं. हे तो जेवताना कागदावर मांडून सगळ्यांना पटवतो. बायको ऐकून घेते आणि रात्री किटली चादरीच्या घडीत गुंडाळून बॅगेत ठेवते.

बायकोचं खातं स्वतंत्र आहे. तिला एक्सेल लागत नाही. शेंगाची चटणी, कडक भाकऱ्यांची चवड, मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं आणि डिंकाचे लाडू हे सगळं ती हातावर मोजते. चटणीचे डबे दोन. मोठा उघड्यावर ठेवायचा, मैत्रिणींसाठी. छोटा कपाटात, स्वतःसाठी. हॉस्टेलचं शास्त्र तिला कुणी न शिकवता येतं.

मग हमीपत्र. यूजीसीच्या 2009 च्या नियमांप्रमाणे आपण रॅगिंग करणार नाही हे विद्यार्थ्याने लिहून द्यायचं आणि पालकानेही. जी पोरगी रिक्षावाल्याला "जरा हळू" म्हणायलाही कचरते, तिच्या सभ्यतेची हमी बाप सही करून देतो. हेल्पलाइनचा 1800-180-5522 हा नंबर फ्रिजवर चिकटवतो.

त्याच्या स्वतःच्या रॅगिंगवर मात्र कुठलाच कायदा नाही. कारण कॉलनीत सीनियर पालक असतात. मुलगा द्वितीय वर्षाला असलेला असा एक जण संध्याकाळी फिरताना गाठतो.

"गादी घेतली?"

"हो, कापसाची."

सीनियर चार पावलं काही बोलत नाही. मग म्हणतो, "बरं."

त्या रात्री तिसऱ्या रकान्यात आणखी सात वस्तू येतात.

निघायच्या दिवशी दारात भाड्याची इर्टिगा उभी राहते. मागची सीट पाडून गादी, गादीवर बॅगा, बॅगांवर बादली, बादलीत इस्त्रीचे कपडे. ड्रायव्हर सगळं बघून अदबीने विचारतो, "साहेब, बदली झाली वाटतं?" टेंभुर्णीला आठवतं की मग राहिला. इंदापूरला गाडी थांबवून नवा मग घेतात. भिगवणला जुना मग बादलीतल्या कपड्यांखाली सापडतो. हडपसरच्या गर्दीत बाप फाइल पुन्हा तपासतो: डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि लेकीचे दोन डझन फोटो.

आणि मग ज्या क्षणासाठी एवढी तयारी केली तो येतो. मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन हात आडवा करतो. "जेंट्सना आत परवानगी नाही. आई जाऊ शकते."

पंधरा दिवस ज्या खोलीची घडी डोक्यात बसवली, ती खोली त्याला दिसणारच नसते. गादी मावशी आणि आया मिळून वर नेतात. बाप गेटबाहेर झाडाखाली उभा राहतो, खिशातून टेप काढतो, परत ठेवतो आणि व्हिडिओ कॉल लावतो.

"कॉट खिडकीपासून किती लांब आहे?"

"आहे थोडी," बायको म्हणते.

"थोडी म्हणजे किती? सॉकेट दाखव. अगं, सॉकेट, छत नको. पंख्याला रेग्युलेटर आहे का? फिरवून बघ."

पडद्यावर एकदा पंखा दिसतो, एकदा बायकोचा कान दिसतो, मग तीन कॉट, तीन घरांच्या तीन बादल्या, तीन एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या सगळ्यांना मिळून भिंतीत एक सॉकेट. नागपूरची रूममेट एक सॅक आणि एक सुटकेस घेऊन आलेली असते. तिचे बाबा तिकडून ट्रेनमध्ये बसवून घरी गेलेले. बाप मनातल्या मनात त्या माणसाची कीव करतो. एवढ्यात त्याच्या शेजारी स्कूटर थांबते आणि डिलिव्हरीवाला गेटवर वस्तू उतरवतो: बादली, मग, झाडू, हँगर. सगळं नागपूरच्या नावावर, दहा मिनिटांत आलेलं. बाप पुढे होऊन बादलीवरची किंमत वाचतो. सोळा लिटर. सोलापूरपेक्षा तीस रुपयांनी स्वस्त.

परतीच्या वाटेवर तो फारसं बोलत नाही. भिगवणच्या अलीकडे फक्त एवढंच म्हणतो, "त्या बादलीची कडी कच्ची होती."

पुढे काय होतं ते दिवाळीत लेक घरी येते तेव्हा कळतं. शेंगाची चटणी चौथ्या दिवशी संपली, छोट्या डब्यासकट. सोलापुरी चादर जमिनीवर अंथरून अख्खी विंग मध्यरात्री मॅगी खाते; मॅगी अर्थातच किटलीत होते. दुसरी चादर खिडकीला पडदा म्हणून. नायलॉनच्या दोरीवर फेअरी लाइट्स लावल्यात. औषधांच्या डब्याचं सील तसंच आहे. सात लिव्हरच्या कुलपाच्या दोन किल्ल्या हरवल्या. तिसरी असावी म्हणून बापाने स्वतःकडे ठेवली होती, ती सोलापुरात देवघराच्या खणात सुखरूप राहिली. कुलूप वॉचमनने हातोड्याने फोडलं. सात लिव्हरचं असल्यामुळे अर्धा तास लागला, हे ऐकून बापाला आतून बरं वाटतं.

रोजचा फोन मात्र ठरलेला. आई विचारते, "जेवलीस का? करमतंय का?" बाप मागून ओरडतो, "एक्स्टेन्शन बोर्ड गरम होत नाही ना, विचार." त्यालाही तेच विचारायचं असतं, पण त्याच्या भाषेत ते वायरिंगमधून जातं. लेकीला हे सप्टेंबरातच कळलेलं असतं. ती आईला म्हणते, "सांग बाबांना, बोर्ड एकदम मजेत आहे."

पुढच्या वर्षी ऑगस्ट येतो. संध्याकाळी बेल वाजते. दारात कॉलनीतलेच एक गृहस्थ, मुलीला पुण्यात सीट लागलेली, हातात लग्नपत्रिका, तिच्या पाठीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. "जरा मार्गदर्शन हवं होतं, साहेब." आपला माणूस त्यांना दारातच उभं करून विचारतो: शाखा? पर्सेंटाइल? खोलीत किती जणी? गादी कशाची घेतली? आतून आवाज येतो, "अहो, त्यांना बसू तरी द्या."

मग तो त्यांना बसवतो, पाणी देतो आणि अनुभवी सुरात सांगतो, "यादीबिदी काही करू नका. पोरींना काही लागत नाही. गादी, बादली, कुलूप. बाकी सगळं तिथे दहा मिनिटांत मिळतं."

गृहस्थांचा चेहरा उजळतो. ते पेनाला टोपण लावतात, पत्रिका खिशात ठेवतात, आभार मानून चपला घालू लागतात. आपला माणूस त्यांना दारापर्यंत पोचवायला येतो. एका पायात चप्पल गेली आहे, दुसरा पाय अजून हवेत आहे, असा नेमका क्षण साधून तो विचारतो,

"शिट्टी घेतलीत?"