मॉरिशसमध्ये पनीर

मॉरिशसच्या जेवणाबद्दल पाहुण्यांची जुन्यात जुनी तक्रार १५९८ सालची आहे. डच खलाशी बेटावर उतरले तेव्हा समोर डोडो नावाचा गलेलठ्ठ, उडता न येणारा पक्षी उभा होता. त्यांनी तो शिजवला आणि लिहून ठेवलं, की हा जितका शिजवावा तितका वातड होतो. तक्रार करत करतच खात राहिले. पुढचं शतक संपायच्या आत डोडो संपला, तक्रार मात्र टिकली. हल्ली ती मराठीत ऐकू येते : ‘‘बाकी सगळं छान हो, पण जेवणाचे जरा हालच झाले.’’

हाल केले कोणी? पॅकेजच्या कागदावर सहीसकट उत्तर आहे. ‘रोज नाश्ता व रात्रीचं भारतीय जेवण समाविष्ट.’ ही ओळ वाचूनच काकांनी पैसे भरलेले असतात. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून लांब, हिंदी महासागराच्या मधोमध, विषुववृत्त ओलांडून माणूस जातो आणि संध्याकाळी साडेसातला रांगेत उभा राहून पनीर, पिवळी डाळ, जिरा राईस आणि गुलाबजाम वाढून घेतो. पनीर थंड आहे अशी कुरकुर करतो. दुसऱ्या दिवशी पनीरचा रंग बदलतो, नावही बदलतं, आणि आता जरा बरं होतं असं सगळे म्हणतात.

ज्यांना ‘भारतीय जेवण’ नको असतं त्यांची सोय रिसॉर्टच्या आंतरराष्ट्रीय बुफेत. तिथे थंडगार काचेखाली सामन मासा मांडलेला असतो. सामन हा थंड पाण्यातला मासा. तो बिचारा पाहुण्यांपेक्षाही लांबून विमानानं आलेला असतो. मॉरिशसच्या भोवती खोल समुद्रात मार्लिन मिळतो, तो धुरावून पातळ कापतात, वर लिंबू पिळतात, सोबत पामच्या झाडाच्या कोवळ्या गाभ्याची कोशिंबीर. अख्खं झाड पाडून मूठभर गाभा निघतो म्हणून तिला लक्षाधीशांची कोशिंबीर म्हणतात. हे दोन्ही मेन्यूत असेल तर तेवढं रिसॉर्टात खावं. बाकी सगळं चांगलं खाणं गेटाच्या बाहेर आहे, आणि बहुतेक ठिकाणी उभ्यानं खायचं आहे.

आता टूरची बस कुठे कुठे थांबते ते पाहू. पोर्ट लुईसला ती कॉडन वॉटरफ्रंटपाशी थांबते. फोटो, फ्रिजला चिकटवायचे डोडो, पुन्हा बस. तिथून चालत दहाएक मिनिटांवर सेंट्रल मार्केट आहे. तिथे आलुदा मिळतो : थंड दूध, भिजवलेला सब्जा, अगरअगरच्या सळ्या. आपला फालुदाच, शेवया आणि नखरे वगळून. बाजाराच्या आसपास काचेच्या पेटीत गातो पिमां असतात, म्हणजे भरडलेल्या डाळीचे, मिरची-कोथिंबीर घातलेले छोटे वडे. मॉरिशसचा माणूस सकाळी ते लोणी लावलेल्या पावात चेपून खातो. वडापावाचा शोध जगात एकदाच आणि दादर स्टेशनबाहेरच लागला, असं मानणाऱ्यांनी इकडे जरा जपून यावं.

आणि ढोलपुरी. मॉरिशसला जाऊन ही खाल्ली नसेल तर पासपोर्टवरचा शिक्का काही उपयोगाचा नाही. पिवळी डाळ हळद घालून शिजवतात, पाणी पूर्ण निथळून कोरडी वाटतात, त्यात जिऱ्याची पूड. हे सारण मैद्याच्या मऊ गोळ्यात भरून पोळी इतकी पातळ लाटतात की घडी सहज पडते. डाळ शिजवलेलं पाणीही वाया जात नाही, ते कणीक भिजवायला. थोडक्यात, गूळ विसरलेली पुरणपोळी. तव्यावरून उतरलेल्या दोन पोळ्या एकावर एक, त्यात पांढऱ्या मोठ्या वालासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय, हिरवी चटणी, लोणच्याचा फराटा, मग गुंडाळी आणि कागद. मागायची ती जोडीनंच, ‘एन पेर’ म्हणून. एकच मागितली तर विकणारा तुमच्याकडे दयेनं पाहतो. रोझ हिल, पोर्ट लुईस, कुठल्याही बस स्टँडजवळ जिथे कार्यालयातली माणसं घड्याळ बघत रांगेत उभी असतील तिथे उभं राहावं. आणि हो, ती शुद्ध शाकाहारी आहे. ज्या मंडळींनी ‘परदेशात आमचं काय?’ म्हणून बॅगेत तीन किलो थेपले कोंबले, त्यांच्या हॉटेलच्या कोपऱ्यावर ती सकाळभर विकली जात होती.

ढोलपुरीचं श्रेय मात्र आपण घेऊ नये. ती भोजपुरी घरांतून आली. पोर्ट लुईसच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आप्रवासी घाट आहे, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. तिथल्या सोळा पायऱ्या चढून १८३४ नंतरच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांत गेले. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडचे, बरेच मद्रासेकडचे, आणि मुंबईहून जहाजात चढलेले कोकणातले, घाटावरचेही. मजुरीबरोबर तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा करारातच ठरलेला असे. त्या शिध्यातून एका बेटाचं खाणं उभं राहिलं. टूरच्या बसला या घाटापाशी थांबायला वेळ नसतो, कारण पुढे हिऱ्यांच्या शोरूमची वेळ ठरलेली असते.

ज्यांना ‘आपल्या माणसांकडे’च जेवायचं असतं त्यांच्यासाठीही बेटावर जागा आहे. मॉरिशसमधले मराठी लोक घरात क्रेओल बोलतात, पण गणपती सोडलेला नाही. तिथल्या हेन्रिएटा गावात १८९६ साली बसलेला गणपती हा बेटावरचा पहिला मानतात. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. त्यांची झाकरी नाचताना पाहिली की रत्नागिरीकडच्या जाखडीची आठवण येते. कास्कावेल या गावात मराठी घरं बरीच. आपली बस कास्कावेलपर्यंत जाते बरं का, अगदी नेमानं जाते. तिथे एक मोठा मॉल आहे.

मांसाहारी मंडळींचे तर आणखी जास्त हाल, कारण त्यांना बुफेत ‘चिकन करी’ मिळते आणि ते गप्प बसतात. बेटावर विंदाय मिळतो : तळलेला मासा, मोहरी, हळद, लसूण, व्हिनेगर. हा गरम खायचा नसतोच. मुरत ठेवून दुसऱ्या दिवशी गारच, पावाबरोबर. ऑक्टोपसचाही विंदाय होतो, आणि रश्शातला ऑक्टोपस त्याहून बरा. ऑगस्टच्या मध्यापासून सुमारे दोन महिने ऑक्टोपसच्या शिकारीवर बंदी असते, त्याला वाढायला वेळ मिळावा म्हणून. त्या दिवसांत कोणी ‘आत्ताच पकडलेला, ताजा’ म्हणून वाढला तर तो एक तर बेकायदा आहे किंवा फ्रीजमधला. रॉड्रिग्स बेटावर तो उन्हात वाळवून ठेवतात, पण तिकडे टूर जात नाहीत. तिथे शोरूम नाहीत.

पोर्ट लुईसच्या प्लेन व्हर्टमध्ये बिर्याणी. कच्छ-गुजरातेतून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्तीत ती मोठ्या देगीत शिजते, बटाट्यासकट, सोबत काकडीची तिखट कोशिंबीर. बटाटा बिर्याणीत असावा का, या वादावर मॉरिशसनं आपलं मत देऊन टाकलं आहे. आमच्या मते ते चूक आहे, पण बिर्याणी उत्तम आहे.

चायना टाउन तिथून जवळच. हाक्का आणि कँटोनीज घरांनी बेटाला मीन दिल्या, म्हणजे परतलेल्या नूडल्स, वर लसणीचं पाणी आणि लाल मिरचीची चटणी. शिवाय उलटा वाडगा : तळाशी तळलेलं अंडं, त्यावर परतलेली भाजी आणि मांस, त्यावर भात, सगळं ताटलीवर उलथं केलं की अंडं टोपीसारखं वर येतं. बुलेत नावाचे वाफवलेले गोळेही खावेत, पण शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. ‘शूशू’ म्हणजे चायोत, दुधीच्या वळणाची फळभाजी, एवढं ऐकून खूश होऊ नका. आत वाळकी कोळंबी असते.

शामारेलला सात रंगांची माती पाहायला सगळेच जातात. वीस मिनिटं माती, पाच मिनिटं कासव, मग बस. त्याच गावात घरगुती खानावळी आहेत. अंगणात टेबलं मांडतात, चुलीवर हरणाच्या मांसाचा रस्सा शिजतो. हरीण इथलं नव्हे, डचांनी १६३९ साली जावाहून आणलं. ज्यांच्या येण्यानंतर डोडो संपला, त्यांनी निदान बदली तरी दिली! सोबत मसुरी, पालेभाजीचं पातळ सार, टोमॅटोची चटणी. आधी फोन करून जावं लागतं आणि जेवायला दोन तास लागतात. टूरच्या वेळापत्रकात दुपारच्या जेवणाला चाळीस मिनिटं असतात, त्यात स्वच्छतागृहाची रांग धरली आहे.

समुद्रकिनाऱ्यावर अननस खायला विसरू नका. इथला व्हिक्टोरिया अननस लहान आणि गोड. विकणारा तो सोलून, देठ दांडीसारखा ठेवून हातात देतो, वर मीठ-मिरची आणि चिंचेचं पाणी. हेच रिसॉर्टात सकाळी बिनमिठाचं, चौकोनी तुकडे करून, टूथपिकसह मिळतं. नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर लिची. माहेबुर्गला गेलात तर सोमवारचा बाजार आणि १८७० पासून चालू असलेला कसावाच्या बिस्किटांचा कारखाना. तिथे कंद किसण्यापासून बिस्किट भाजण्यापर्यंत सगळं उभं राहून पाहता येतं आणि शेवटी चहा मिळतो. बिस्किट पहिल्यांदा कोरडं लागतं. दुसरं घ्या.

आता कोणी म्हणेल, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर? हा प्रश्न विचारणारा माणूस पुण्यात पावसाळ्यात रस्त्यावर पाणीपुरी खातो, आणि शेवटी सुकी पुरी मागून घेतो. त्याचं पोट बिघडत नाही. परदेशात मात्र ते नाजूक होतं. रांगेतला ढोलपुरीवाला पोळी तव्यावरून थेट तुमच्या हातात देतो. बुफेतलं पनीर तुमची वाट बघत दोन तास मंद आचेवर बसलेलं असतं. यातलं धोकादायक काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

टूर कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या लोकांना विचारूनच मेन्यू ठरवतात, आणि ‘पहिल्या दिवशी पोहे मिळतील ना?’ असं लोकच विचारतात. तेव्हा पुढच्या वेळी बुकिंगच्या टेबलावर बसाल तेव्हा एवढंच विचारा : रात्रीचं जेवण वगळलं तर किती कमी होतात? जो आकडा सांगतील तो लिहून घ्या, रात्रीची जेवणं काढून टाका आणि दोन दुपारी मोकळ्या मागा. ढोलपुरीसाठी मात्र सकाळीच निघा. दुपार चढली की चांगल्या गाडीवरचा माल संपलेला असतो.