सोळा बाइटांचा मान

सिंहस्थात नाशिकच्या रामकुंडावर वैष्णव आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर शैव आखाडे ठरलेल्या क्रमाने स्नानाला उतरतात, आणि एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने पुढे घुसू नये म्हणून साधू व प्रशासन यांच्या बैठकांवर बैठका होतात. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली संगणकापुढे मांडलेला परस्परवर्जनाचा प्रश्न तत्त्वतः हाच असून, तेथे बैठकांना सवड नसते एवढाच काय तो फरक. एका प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कार्यप्रवाहांनी, म्हणजे थ्रेडनी, एकाच माहितीत एकदम हात घालू नये यासाठी मेमरीतील एका जागेला कुलूप मानले जाते, आणि ते ज्याच्या हाती लागेल तोच पुढे जातो.

आखाड्यांत मान स्नान करणाऱ्याचा असतो. ह्यूलेट-पॅकार्डने १९८६ साली आणलेल्या पीए-रिस्क प्रोसेसरवर मात्र तो कुलुपाचा असे. त्याची ‘एलडीसीडब्ल्यू’ ही आज्ञा ४ बाइटांचा शब्द वाचते आणि त्याच अखंड क्रियेत तेथे शून्य लिहिते. परिणामी इतरत्र बहुधा शून्य म्हणजे मोकळे कुलूप असले, तरी येथे शून्य म्हणजे बंद ठरले. शिवाय या आज्ञेला १६ ने भाग जाणाराच पत्ता लागे, आणि पत्ता असा ठरावीक पटीत असणे यालाच अलाइनमेंट म्हणतात. म्हणून लिनक्सवरील जीएनयू सी लायब्ररीने, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम ज्या सामायिक संग्रहाकडून नित्याची कामे करून घेतात त्याने, ४ बाइटांच्या या मानकऱ्यासाठी १६ बाइटांची बैठक अंथरली.

पुढे ‘एनपीटीएल’ ही थ्रेडची नवी व्यवस्था आली, कुलूप फिरवण्याचे नाजूक काम कर्नलच्या, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मदतीने होऊ लागले आणि साध्या ४ बाइटांच्या शब्दावर भागू लागले. परंतु आधीच बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅमांनी, ही बैठक जिचा एक भाग होती त्या जुन्या रचनेचे आकारमान गृहीत धरलेले असल्यामुळे, आणि रूढ क्रमात बदल सुचवणाऱ्याचे सिंहस्थात जे होते तेच येथेही होत असल्यामुळे, नव्या कुलुपाला त्याच रचनेत अन्यत्र जागा देऊन जुनी बैठक जशीच्या तशी राखण्यात आली. पूर्वी तिच्यावरील चारांपैकी तीन शब्द बिनकामाचे होते, आता चारही झाले. तरीही सबंध रचना दीर्घकाळ १६ च्याच पटीत मांडली गेली, कारण मानकरी उठून गेल्याने मान संपतो, असे कोणत्याही आखाड्याने अद्याप मान्य केलेले नाही.